कॅट्झ डेलीत पहिल्यांदा जाताना

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडवरच्या कॅट्झ डेलीचं, म्हणजे मुरवलेल्या मांसाची सँडविचं मिळणाऱ्या ज्यू परंपरेतल्या खाण्याच्या दुकानाचं, दार उघडलं की आधी नाकात मिरीचा, मुरलेल्या मांसाचा आणि वाफेचा वास शिरतो. तो ओळखीचा होण्याआधीच कुणीतरी तुमच्या हातात कागदाचं एक छोटं तिकीट ठेवतं. समोर लांबच लांब काउंटर, भिंतभर फोटो, टांगलेल्या सलाम्या, म्हणजे मसालेदार मांसाच्या सुकवलेल्या कांड्या, आणि चारी बाजूंनी बोलणारी माणसं. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो आणि भिंतीकडच्या एखाद्या रिकाम्या टेबलावर जाऊन बसतो. तिथे वेटर येतो, जेवणही चांगलं मिळतं. पण या जागेचा जीव काउंटरवर आहे. तिथल्या कटरसमोर, म्हणजे मांस कापून देणाऱ्या माणसासमोर, उभं राहून दोन शब्द बोलल्याशिवाय कॅट्झमध्ये गेल्याचं समाधान मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना दरवेळी इथे घेऊन जातो. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना सांगून सांगून पाठ झालेली उत्तरं इथे क्रमाने लिहितो आहे.

घरून निघण्याआधी

पहिली गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कॅट्झ ज्यासाठी जगभर ओळखलं जातं ते पॅस्ट्रामी आणि कॉर्न्ड बीफ हे गोमांसाचे पदार्थ आहेत. हॉट डॉग, सलामी आणि ब्रिस्केट, म्हणजे छातीकडचं मांस, हेही गोमांसाचंच. बरोबरची मंडळी काय खातात हे घरीच विचारून घ्या. काउंटरसमोर, मागे तीस माणसं उभी असताना हा विषय निघाला की सगळ्यांनाच अवघड होतं.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी टर्कीचं सँडविच आहे. शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही, पण त्याला मोजकेच पदार्थ मिळतात. बटाट्याचा क्निश, म्हणजे पातळ पिठाच्या आवरणात भरलेला मऊ बटाटा. लाटके, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या जाड टिक्क्या. त्या सफरचंदाच्या गराबरोबर किंवा आंबट सायीबरोबर खातात. लाटक्यांच्या मिश्रणात सहसा अंडं असतं, त्यामुळे अंडं चालत नसेल तर आधी विचारा. शिवाय जाड फ्राइज, कोबीचं कोलस्लॉ, खारवलेल्या काकड्या आणि चीजकेक. माट्झो बॉल सूप दिसायला निरुपद्रवी असलं तरी ते कोंबडीच्या रश्श्यातलं असतं, हे ध्यानात ठेवा.

पैशांचंही आधी सांगतो. एका पॅस्ट्रामी सँडविचला २५ डॉलरच्या वर पडतात, म्हणजे दोन हजार रुपयांहून जास्त. आकडा ऐकून पाहुण्यांचे डोळे विस्फारतात. पण त्यातलं मांस दोन माणसांना पुरतं. दोघांत एक सँडविच आणि जोडीला सूप किंवा लाटके, हा माझा नेहमीचा हिशेब. जवळ एक-एक डॉलरच्या काही सुट्या नोटा ठेवा. त्या कशाला, ते पुढे येईल.

पोचायचं कसं

पत्ता: २०५, ईस्ट हाउस्टन स्ट्रीट, लडलो स्ट्रीटचा कोपरा. टेक्सासमधलं शहर ह्यूस्टन, पण न्यूयॉर्कमधला हा रस्ता हाउस्टन. कुणाला वाट विचारणार असाल तर हा उच्चार उपयोगी पडतो.

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीने पेन स्टेशन गाठा. तिथून पूर्वेला एक लांब ब्लॉक चाललं की हेरल्ड स्क्वेअर येतं. तिथे डाउनटाउनकडे जाणारी एफ गाडी पकडा आणि सेकंड अव्हेन्यू स्टेशनवर उतरा. फर्स्ट अव्हेन्यूच्या बाजूच्या जिन्याने वर आलात तर हाउस्टनवरून पूर्वेकडे जेमतेम दोन-तीन मिनिटं चालायचं आहे. निऑनच्या जुन्या पाट्या लांबूनच दिसतात.

शनिवार-रविवारी दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान जाऊ नका. रांग पार फुटपाथवर जाते. आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला गेलात तर कटरलाही बोलायला सवड असते. सकाळी दहाला इतकं जड खायचं का, असं पाहुणे विचारतात. मी म्हणतो, नाश्ता करू नका, याचंच जेवण करा.

तिकीट

दारात मिळालेलं तिकीट म्हणजे तुमचं बिल. तुम्ही काउंटरवर जे जे घ्याल ते समोरचा माणूस या तिकिटावर लिहितो. सँडविच एका ठिकाणी, हॉट डॉग दुसऱ्या ठिकाणी, पेयं तिसऱ्या ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी हेच तिकीट पुढे करायचं. पैसे सगळ्यात शेवटी, बाहेर पडताना.

प्रत्येक माणसाला वेगळं तिकीट मिळतं, लहान मुलालासुद्धा. चौघांचं खाणं एकाच तिकिटावर लिहून घेतलं तरी उरलेली तीन कोरी तिकिटं फेकायची नाहीत. बाहेर पडताना सगळी परत द्यावी लागतात. हरवल्यास ५० डॉलर दंडाची पाटी तिथे लावलेली आहे. म्हणून मी आत गेल्या गेल्या सगळ्यांची तिकिटं गोळा करून शर्टाच्या खिशात ठेवतो. ट्रेवर ठेवलेलं तिकीट उष्ट्या कागदांबरोबर कचऱ्यात जाणं अगदी सोपं आहे.

रांगेत उभं असताना

मांसाच्या काउंटरवर अनेक कटर शेजारी शेजारी उभे असतात आणि प्रत्येकासमोर वेगळी रांग असते. एक रांग धरा आणि तिथेच थांबा. प्रत्येक सँडविचचं मांस हाताने कापलं जातं, त्यामुळे वेळ लागतो. तेवढ्या वेळात ही जागा कुणाची, हे बरोबरच्यांना सांगता येईल.

१८८८ साली आइसलँड आडनावाच्या भावांनी लडलो स्ट्रीटवर हे छोटं दुकान काढलं. १९०३ मध्ये विली कॅट्झ त्यात आला, १९१० मध्ये त्याचा चुलतभाऊ बेनी आला, आणि दोघांनी मिळून आइसलँड बंधूंचा हिस्सा विकत घेतला. १९१७ मध्ये हॅरी टॅरोव्स्की भागीदार झाला. पूर्व युरोपातले छळ आणि दारिद्र्य मागे टाकून १८८० ते १९२४ या काळात वीस लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत आले. त्यातल्या असंख्य कुटुंबांचा पहिला मुक्काम याच गल्ल्यांमध्ये, अंधाऱ्या, दाटीवाटीच्या चाळींमध्ये पडला. शिवणकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसाला ओळखीच्या चवीचं, पोटभर आणि स्वतःच्या भाषेत मागता येईल असं जेवण या दुकानात मिळायचं. जवळच सेकंड अव्हेन्यूवर यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, नाटकांची थिएटरं होती. खेळ संपला की नट आणि प्रेक्षक इथेच जेवायला यायचे.

दुसऱ्या महायुद्धात मालकांची मुलं सैन्यात होती आणि घरून त्यांना खाऊ पाठवला जायचा. त्यातूनच ‘सैन्यातल्या आपल्या मुलाला सलामी पाठवा’ ही घोषणा आली. इंग्रजीत ती यमक जुळवून लिहिली आहे आणि ती पाटी अजून लटकते आहे. सलामी निवडण्यामागे कारणही होतं. वाळवलेली, खारवलेली सलामी समुद्रापार जाईपर्यंत टिकते. आजही तिथून सैनिकांना सलामी पाठवता येते.

पुढे कॅट्झ आणि टॅरोव्स्की घराण्यांत सांभाळणारं कुणी उरलं नाही. १९८८ साली, दुकानाला बरोबर शंभर वर्षं होत असताना, मार्टिन डेल, त्यांचा मुलगा अ‍ॅलन आणि जावई फ्रेड ऑस्टिन यांनी ते घेतलं. आता अ‍ॅलन यांचा मुलगा जेक डेल ते चालवतो. घराणी बदलली, पण दर वेळी दुकान घरातल्याच माणसांनी चालवलं, कुठल्या मोठ्या कंपनीच्या साखळीत ते गेलं नाही. हे किती दुर्मीळ आहे हे कळायला आजूबाजूचं चित्र पाहावं लागतं. १९३०च्या दशकात या शहरात दीड हजारांहून जास्त कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम पाळणाऱ्या, डेली होत्या. सातव्या अव्हेन्यूवरची प्रसिद्ध कार्नेगी डेली २०१६च्या शेवटी बंद झाली. मुलं शिकून उपनगरांत गेली, भाडी वाढली, आणि एकेक दुकान मिटत गेलं.

कॅट्झ टिकलं त्याचं एक कारण मुंबईकरांना चटकन समजेल. इमारत मालकांची स्वतःची आहे. आजूबाजूला टॉवर उभे राहू लागले तेव्हा या कुटुंबाने दुकान विकलं नाही. आपल्या डोक्यावरची न वापरलेली बांधकामाची मुभा तेवढी शेजारच्या प्रकल्पाला विकली. आपल्याकडच्या टीडीआरसारखाच हा व्यवहार. त्यामुळे शेजारी उंच इमारत झाली आणि कोपऱ्यावरचं बुटकं दुकान तसंच राहिलं. ही गोष्ट मला या कुटुंबाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटायला लावते.

कटरसमोर

आता तुमची पाळी आली. वाक्य सोपं आहे: ‘पॅस्ट्रामी ऑन राय, ज्यूसी, विथ मस्टर्ड.’ यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे.

पॅस्ट्रामी हा शब्द रोमानियातल्या ज्यूंनी आणला. त्याच्या मुळाशी तुर्की ‘पास्तिर्मा’ आहे, म्हणजे दाबून वाळवलेलं मांस. रोमानियात ते हंसाचंही करत. अमेरिकेत गाय-बैलाच्या पोटाकडचा चरबीदार, कठीण आणि म्हणून स्वस्त भाग सहज मिळायचा, तेव्हा तो वापरात आला. अशा मांसाला मऊ करायचं तर वेळच द्यावा लागतो. कॅट्झमध्ये ते आधी काही आठवडे खारात मुरतं. बाजारातल्या बऱ्याच पॅस्ट्रामीत सुईने खारं पाणी टोचून हे काम दीड-दोन दिवसांत उरकतात, तो आडमार्ग इथे घेत नाहीत. मग त्याला मसाला चोळतात. यात मिरी, धणे आणि लसूण, म्हणजे आपल्या फळीवरचेच डबे. मग मंद धुरी. नंतर उकळणं, आणि कापण्याआधी वाफ. खार, धूर, पाणी आणि वाफ या चारांतून गेलेलं हे मांस इतकं मऊ होतं की यंत्राच्या पात्याखाली त्याचा भुगा होईल. म्हणून हाताने कापणारा माणूस लागतो. कटर हाताने चाचपून रेषा कुठल्या दिशेने जातात ते बघतो आणि त्यांना आडवी सुरी घालतो.

‘ज्यूसी’ म्हणजे थोडी चरबी असलेला भाग. ‘लीन’ म्हणजे चरबी काढलेला. तब्येतीचा विचार करून लीन मागावंसं वाटतं, पण पहिल्या वेळी ज्यूसीच घ्या. चव त्या चरबीत आहे. कमी खा, पण ते खा.

कॉर्न्ड बीफमधल्या कॉर्नचा मक्याशी संबंध नाही. कॉर्न म्हणजे दाणा, इथे मिठाचा जाड खडा. छातीकडचं मांस खारात मुरवून शिजवलेलं असतं, धुरी नाही. ते अधिक सौम्य, गुलाबी आणि किंचित गोडसर लागतं. चौघं असाल तर एक पॅस्ट्रामी आणि एक कॉर्न्ड बीफ घेऊन वाटून घ्यावं, म्हणजे धुरीने काय फरक पडतो ते जिभेला कळतं.

सँडविच बांधण्याआधी कटर बहुधा एका छोट्या बशीत दोन-चार तुकडे काढून तुमच्यापुढे सरकवतो. ते चवीसाठी असतात आणि त्यांचे पैसे नसतात. पुष्कळ नवखे संकोचाने नुसतं बघत राहतात. उचला, खा, आणि कसं लागलं ते त्याला सांगा. काउंटरवर टिपसाठी भांडं ठेवलेलं असतं. मघाच्या सुट्या नोटा यासाठी. त्यात दोन-तीन डॉलर जरूर टाका. दिवसभर उभं राहून शेकडो सँडविचं कापणाऱ्या हाताचा तो मान आहे. आज यातले बरेच कटर लॅटिन अमेरिकन वंशाचे आहेत. एका स्थलांतरित समाजाचं कसब दुसऱ्या समाजाच्या हातात आलं आणि ते तितक्याच निगुतीने जपलं गेलं, हे तिथे उभं राहून पाहण्यासारखं आहे.

ब्रेड राय नावाच्या धान्याचा, शहाजिऱ्यासारख्या कॅरवेच्या वासाचा, घट्ट आणि किंचित आंबूस. मोहरीचं मस्टर्ड तिखट आणि नाकात जाणारं. चरबीला उतारा म्हणून या दोघांची गरज असते. या सँडविचवर मेयोनीज मागू नका. मिळेलही, पण मुरवणीची चव त्याखाली झाकून जाईल. भाज्या, टोमॅटो, केचपही नको. सँडविचबरोबर काकड्या येतात. हिरवीगार, कुरकुरीत असते ती अर्धी मुरलेली; काळपट हिरवी असते ती पूर्ण मुरलेली आणि चांगलीच आंबट. त्यात तेल नाही, फक्त मीठपाणी, लसूण आणि दिवस. आपल्या जिभेला पूर्ण मुरलेली जास्त आवडते, असा माझा अनुभव.

प्यायला एग क्रीम घेऊन पाहा. नाव फसवं आहे. त्यात अंडंही नाही आणि क्रीमही नाही, फक्त दूध, चॉकलेट सिरप आणि सोडा. लहान मुलं खूश होतात. धाडस करायचं असेल तर डॉक्टर ब्राउन्सचा सेल-रे सोडा, म्हणजे सेलेरीच्या बियांच्या चवीचा. ओव्याच्या पाण्याची आठवण होते, आणि इतक्या जड जेवणाबरोबर तो खरोखर बरा वाटतो.

हे कोशर आहे का?

हा प्रश्न नेहमी निघतो. उत्तर आहे, नाही. तोरात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, आज्ञा आहे की करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये. त्यावरून मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र न खाण्याचा नियम झाला. कॅट्झमध्ये रूबेन मिळतो, म्हणजे कॉर्न्ड बीफवर चीज. दुकान शनिवारी, शब्बाथच्या म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशीही उघडं असतं. पदार्थ ज्यू परंपरेचे, पण धर्माच्या देखरेखीखालचे नव्हेत. बरोबर कुणी नियम पाळणारं असेल तर पूर्व ३३व्या रस्त्यावरच्या सेकंड अव्हेन्यू डेलीत जा. ती १९५४ साली सुरू झाली आणि कोशर आहे.

मांस-दुधाच्या या नियमाची एक मराठी बाजूही आहे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबांनी तो नियम पाळला तो नारळाच्या मदतीने. मटणाच्या रश्शात दूध-दही न घालता नारळाचं दूध. त्यांचा गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. एकच आज्ञा, पण कोकणात तिची चव वेगळी आणि लडलो स्ट्रीटवर वेगळी. म्हणून कॅट्झमधलं जेवण खाऊन ‘हे ज्यूंचं जेवण’ असं सरसकट म्हणू नका. हे पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यूंचं जेवण आहे.

बसणं आणि निघणं

काउंटरवरून घेतलं असेल तर मधल्या टेबलांवर बसा. भिंतीलगतची टेबलं वेटरची सेवा घेणाऱ्यांसाठी असतात. वयस्कर माणसं किंवा तान्हं मूल बरोबर असेल तर मात्र वेटरचीच सेवा घ्या. एकाने त्यांच्यापाशी बसावं आणि इतरांनी काउंटर पाहून यावं. एका टेबलावर वर बाण दाखवणारी पाटी टांगलेली दिसेल. १९८९च्या एका गाजलेल्या चित्रपटाचा प्रसंग तिथे चित्रित झाला होता. तिथे फोटोसाठी गर्दी असते. बसलेल्या माणसांना शांतपणे जेवू द्या.

निघताना सगळी तिकिटं काढा, लिहिलेलं आणि कोरी, आणि दाराजवळच्या गल्ल्यावर एकत्र द्या.

पाय शिल्लक असतील तर हाउस्टनवरच पश्चिमेला काही पावलांवर १७९ क्रमांकाला रस अँड डॉटर्स आहे, १९१४ सालापासूनचं. मुलगे नव्हते म्हणून जोएल रस यांनी तिन्ही मुलींना भागीदार केलं आणि तसं पाटीवर लिहिलं. तिथे मांस नाही. खारवलेले आणि धुरी दिलेले मासे, क्रीम चीज आणि बेगल. मांस एका दुकानात आणि दूध-मासे दुसऱ्या दुकानात, ही विभागणी त्याच जुन्या नियमातून आलेली आहे. मासे खाणाऱ्या कोकणी पाहुण्यांना मी आधी तिथेच नेतो.

उरलेलं सँडविच कागदात बांधून मागा, देतात. ट्रेनमध्ये उघडू नका, डबाभर वास पसरतो. घरी आल्यावर ब्रेड आणि मांस वेगळं करा. मायक्रोवेव्हमध्ये चरबी वितळून मांस चामड्यासारखं होतं. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळत ठेवून त्यावर चाळणी ठेवा, चाळणीत मांस पसरून झाकण घाला आणि पाच-सात मिनिटं वाफ येऊ द्या. ब्रेड तव्यावर कोरडाच भाजा. मस्टर्ड नव्याने लावा.